सरकारी टेंडर भरताय? पहिल्याच लिफाफ्यात बाद व्हायची कारणं

तक्रार ठरलेली असते, "आमचा रेट सगळ्यात कमी होता तरी काम दुसऱ्याला दिलं". मग कागद बघायला घेतले की कळतं, रेटचा लिफाफा उघडलाच नव्हता, गाडी टेक्निकल लिफाफ्यातच अडकली होती (टेंडरला दोन लिफाफे, पहिल्यात म्हणजे टेक्निकलमध्ये पात्रतेचे कागद, दुसऱ्यात रेट; पहिल्यात पास झालात तरच दुसरा उघडतात). सेटिंग असतं, नाही कोण म्हणतंय, पण मी बघितलेल्या बाद टेंडरांत सेटिंगपेक्षा कागदच जास्त आडवे आलेत, आणि तेही दरवेळी तेच ते चार-पाच. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय.

आधी नियम कुठून येतात ते. सरकारी खरेदीसाठी देशभर लागू होईल असा एकच कायदा आपल्याकडे नाही. २०१२ मध्ये लोकसभेत विधेयक आलं होतं, ते बारगळलं. तामिळनाडू, कर्नाटक, राजस्थान अशा काही राज्यांनी आपापले कायदे केले, महाराष्ट्रात मात्र कारभार शासन निर्णयांवर चालतो. वस्तूंच्या खरेदीसाठी मुख्य म्हणजे उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा जीआर, त्याला जोडून खरेदीच्या कार्यपद्धतीची अख्खी नियमपुस्तिका आहे. बांधकामाला पीडब्ल्यूडीचे वेगळे जीआर. केंद्राच्या ऑफिसांना जनरल फायनान्शियल रूल्स २०१७, सगळे जीएफआर म्हणतात ते. आणि या सगळ्यांच्या डोक्यावर राज्यघटनेचं कलम १४, सगळ्यांना सारखी वागणूक. मुंबई विमानतळावरच्या रेस्टॉरंटच्या टेंडरवरून १९७९ मध्ये रमणा शेट्टी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की सरकारी संस्थेने जी पात्रता स्वतः छापली ती तिने पाळलीच पाहिजे, मनाला येईल तशी सोडता येणार नाही. हे आपल्या भल्याचंच आहे, पण त्याची दुसरी बाजू लोकांच्या लक्षात येत नाही. साहेबांना तुमच्याबद्दल कितीही वाटलं तरी तुमचा राहिलेला कागद ते चालवून घेऊ शकत नाहीत, घेतला तर दुसरा बोलीदार त्याच मुद्द्यावर भांडेल. त्यामुळे "साहेब ओळखतात आम्हाला, दहा वर्षं काम करतोय" याला तिथे शून्य किंमत. लिफाफ्यात जे आहे तेवढंच तुम्ही.

नोंदणी सोपी आहे. पॅन, जीएसटी, क्लास ३ चं डिजिटल सिग्नेचर, म्हणजे डीएससी (सही आणि एन्क्रिप्शन दोन्ही असलेलं), राज्याच्या कामांसाठी महाटेंडर्स पोर्टल, केंद्राच्या कामांसाठी सीपीपीपी हे केंद्राचं टेंडर पोर्टल, आणि वस्तू-सेवा विकायच्या असतील तर जेम, म्हणजे सरकारी खरेदीचा ऑनलाईन बाजार. फक्त डीएससी ज्याच्या नावावर आहे त्याला सही करायचा अधिकार आहे हे दाखवणारा कागद लावा, भागीदारी असेल तर मुखत्यारपत्र, कंपनी असेल तर बोर्डाचा ठराव. मुलाच्या नावाची डीएससी आणि फर्म वडिलांची, असले प्रकार सर्रास चालतात आणि एखाद्या दिवशी नडतात.

आता ईएमडी, म्हणजे बयाणा रक्कम. सगळ्यात जास्त लोक इथे पडतात. जीएफआरप्रमाणे ती अंदाजित किमतीच्या २ ते ५ टक्के असते आणि सूक्ष्म-लघु उद्योगांना ती माफ आहे. लोक एवढंच ऐकतात, उद्यमचं सर्टिफिकेट (सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) जोडतात, ईएमडी भरत नाहीत, आणि बाद. कारण ही माफी २०१२ च्या सूक्ष्म-लघु उद्योग खरेदी धोरणातली, आणि ते धोरण स्वतः माल बनवणाऱ्यांसाठी आणि सेवा देणाऱ्यांसाठी आहे. व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यमवर परत नोंदणी मिळायला लागली खरी, पण ती फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. तुमचं उद्यम सर्टिफिकेट काढा आणि एनआयसी कोडचा (धंदा कुठल्या प्रकारचा ते सांगणारा नंबर) तक्ता बघा. कोड ४५, ४६ किंवा ४७ ने सुरू होतोय आणि पुढे ट्रेडिंग लिहिलंय? मग तुम्ही या माफीत बसत नाही, गुपचूप ईएमडी भरा. आणि उत्पादनाचा कोड आहे पण तो फर्निचरचा, टेंडर मात्र कॉम्प्युटरचं, तरी तीच गत. कितीतरी फर्मांच्या सर्टिफिकेटवर नोंदणी करून देणाऱ्या एजंटने काहीतरी कोड टाकून दिलेला असतो, मालकाने तो कधी वाचलेलाच नसतो. दुरुस्ती उद्यम पोर्टलवर करता येते, पण टेंडर उघडल्यानंतर केलेली दुरुस्ती त्या टेंडरला चालत नाही. बांधकामाच्या कामांनाही हे धोरण लागू नाही. महापालिका, जिल्हा परिषदांच्या टेंडरमध्ये तर माफी धरूनच चालू नका, त्यांच्या अटीत काय लिहिलंय ते शब्दाला शब्द वाचा.

अनुभवाचा दाखला हे दुसरं दुखणं. वर्क ऑर्डर म्हणजे अनुभव नव्हे. वर्क ऑर्डर सांगते काम मिळालं, टेंडर तपासणाऱ्या समितीला बघायचं असतं काम झालं का. पाहिजे असतो पूर्णत्वाचा दाखला आणि तो कोणाकडेच नीट नसतो, कारण बिल निघालं की कोण जातंय परत त्या ऑफिसात. मग दोन-तीन वर्षांनी टेंडर लागतं, तोवर इंजिनियर बदलून गेलेला, नवीन माणूस म्हणतो माझ्या काळातलं काम नाही, मी कशी सही करू. फायनल बिलाच्या वेळीच दाखला मागून घ्यायची सवय लावा. आणि हातात पडल्यावर तिथेच उभं राहून वाचा, कामाचं नाव, वर्क ऑर्डरचा नंबर, प्रत्यक्ष झालेली रक्कम, काम संपल्याची तारीख, जावक क्रमांक, सही-शिक्का. "सदर ठेकेदाराचे काम समाधानकारक आहे" एवढ्या एका ओळीचे दाखले मी बघितलेत, रक्कम नाही, तारीख नाही. त्याचा टेंडरला उपयोग शून्य. खाजगी कंपनीचं काम दाखवत असाल तर बरेच विभाग टीडीएसचा पुरावाही मागतात, रोखीने केलेलं काम तिथे धरलंच जात नाही.

किती अनुभव लागतो? बांधकामाच्या टेंडरांत बऱ्याचदा केंद्रीय दक्षता आयोगाच्या २००२ च्या सूचनेतला हिशोब असतो: मागच्या ७ वर्षांत अंदाजित किमतीच्या ४० टक्क्यांची तीन सारखी कामं, किंवा ५० टक्क्यांची दोन, किंवा ८० टक्क्यांचं एक. यात गोम अशी की ती ७ वर्षं तुम्ही टेंडर भरता त्या दिवसापासून मागे मोजायची नसतात, टेंडर निघालं त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपासून मोजायची असतात. म्हणजे टेंडर जूनमध्ये निघालं तर ३१ मे. जूनच्या पहिल्या आठवड्यात संपलेलं तुमचं एकुलतं एक मोठं काम त्यात बसत नाही. आणि ४० टक्क्यांची दोन आणि ५० टक्क्यांचं एक अशी खिचडी दाखवत असाल तर ५० वालं ४० मध्ये धरून तीन पूर्ण होतात, पण ३० टक्क्यांची चार कामं मिळून काहीच होत नाही. बेरीज हा प्रकारच नाही तिथे.

स्टार्टअप आणि लघु उद्योगांना अनुभव-टर्नओव्हर लागत नाही असं व्हॉट्सॲपवर फिरत असतं. अर्धसत्य. सवलत देता येते, दिलीच पाहिजे असं नाही, ते खरेदी करणाऱ्यावर आहे आणि माल गुणवत्तेत बसला पाहिजे ही अट आहेच. टेंडरमध्ये सवलत लिहिली नसेल तर निविदापूर्व बैठकीत लेखी विचारा. फोनवर "हो हो चालेल" म्हणणारा क्लार्क तुमचा लिफाफा उघडताना तिथे नसणार.

सीएच्या टर्नओव्हर सर्टिफिकेटवर यूडीआयएन असायलाच हवा (१८ आकडी नंबर, असल्या सर्टिफिकेटना फेब्रुवारी २०१९ पासून सक्तीचा). आणि "मागची तीन आर्थिक वर्षं" म्हणजे नेमकी कुठली ते टेंडरमध्ये लिहिलेलं असतं, मार्चमध्ये वर्ष संपलं आणि ऑडिट झालं नाही म्हणून लोक एक वर्ष मागची तीन जोडतात, ते चालतं का हे आधी विचारून घ्या.

तारखांचं म्हणाल तर जाहिरातीत चार-पाच तारखा असतात आणि लोक शेवटची, म्हणजे उघडण्याची, डोक्यात ठेवतात. तुमची तारीख सबमिशन संपायची, वेळेसकट, आणि घड्याळ पोर्टलचं, तुमच्या मोबाईलचं नाही. ईएमडी एनईएफटीने भरत असाल तर चलन त्या टेंडरपुरतंच असतं, रक्कम रुपयाने इकडे-तिकडे झाली तर जुळत नाही, आणि पैसे जमा होऊन पोर्टलवर दिसायला वेळ जातो. शेवटच्या दिवशी दुपारी बँकेत उभं राहून काही होत नाही, दोन दिवस आधी भरा.

सगळं अपलोड झालं, हुश्श केलं, लॅपटॉप बंद. आणि बिड फ्रीझ करायचं राहिलं! महाटेंडर्स आणि सीपीपीपी दोन्हीवर अपलोड म्हणजे सबमिशन नव्हे. फ्रीझचं बटण दाबून बिड आयडीची पावती आली तरच तुम्ही टेंडर भरलंय. नंतर काही बदलायचं असेल तर वेळ संपायच्या आत रीसबमिट करा, चुकूनही विड्रॉ करू नका, विड्रॉ केलेल्या टेंडरमध्ये परत येता येत नाही. शुद्धिपत्रक निघालं का हे शेवटच्या दिवसापर्यंत रोज बघा, त्यात बीओक्यूची, म्हणजे रेट भरायच्या एक्सेल शीटची, फाईल बदललेली असेल तर जुन्या फाईलवर भरलेला रेट गेला.

या बीओक्यू शीटचं नाव बदलायचं नाही, ओळी वाढवायच्या नाहीत, फक्त मोकळ्या रकान्यांत लिहायचं. आणि रेट फक्त दुसऱ्या लिफाफ्यात. पहिल्या लिफाफ्यातल्या कुठल्याशा पत्रात "आमचा दर अमुक" असं सौजन्याने लिहिणारे सज्जन अजून आहेत. ते जागच्या जागी बाद होतात आणि त्यात समितीची काहीच चूक नसते.

बाद झालात तर? कारण विचारायचा हक्क आहे, जीएफआरच्या नियम १७३ मध्ये स्पष्ट लिहिलंय की विचारणा केली तर कारण सांगावं लागतं. समितीने त्रुटीचा कागद मागितला तर टेंडर उघडायच्या आधीपासून अस्तित्वात असलेलाच द्या, कालच्या तारखेचा नवा दाखला चालत नाही. आणि जे काही करायचं ते रेटचा लिफाफा उघडायच्या आत, लेखी, पोच घेऊन. शेट्टींच्या खटल्यात तत्त्व मान्य करूनही कोर्टाने टेंडर रद्द केलं नाही, कारण आव्हान उशिरा आलं होतं आणि समोरच्याचा खर्च होऊन बसला होता.

राहिली ईएमडी परत मिळायची. टेक्निकलमध्ये बाद झालेल्यांची रक्कम, केंद्राच्या नियमाप्रमाणे, टेक्निकलचा निकाल जाहीर झाल्यापासून ३० दिवसांत परत यायला हवी. ऑनलाईन भरलेली असेल तर ज्या खात्यातून गेली त्याच खात्यात येते, त्यामुळे घाईत मेहुण्याच्या नाहीतर मित्राच्या खात्यातून भरू नका.