लाल विरुद्ध हिरवी जर्सी, आणि ज्यांना दोन्ही सारख्याच दिसतात ते

12 नोव्हेंबर 2015ला अमेरिकन फुटबॉलची एक मॅच झाली. बफेलो बिल्सचे शर्ट-पँट सगळं लाल, न्यूयॉर्क जेट्सचं सगळं हिरवं. टीव्हीवर भारी दिसेल असा हिशोब होता, पण मॅच सुरू झाली आणि कितीतरी प्रेक्षकांना कोण कुठल्या टीमचा हेच कळेना, सोशल मीडियावर नुसता ओरडा सुरू झाला. हे सगळे कलर ब्लाइंड लोक. टीव्हीवर कपडे कसे दिसतील हे आधी तपासलं होतं, पण या लोकांचा विचारच केला नव्हता, हे लीगने नंतर मान्य केलं.

आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यातल्या लाल आणि हिरव्यासाठी लागणाऱ्या दोन प्रकारांची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात, आणि पुरुषाकडे एक्स एकच, म्हणजे त्यात बिघाड असेल तर स्पेअर नाही. म्हणून युरोपियन वंशाच्या पुरुषांत साधारण 12 जणांत एकाला हा त्रास असतो, बायकांत 200 जणींत एकीला. त्यांना जग ब्लॅक अँड व्हाइट दिसतं हा गैरसमज आहे. लाल-हिरवं दोन्ही मातकट, तपकिरीकडे झुकलेलं दिसतं आणि काहींना तर लाल चक्क काळपट दिसतो.

जर्सीचं कामच मुळात हे की पळता पळता नजरेच्या कोपऱ्यातूनसुद्धा आपला माणूस कळला पाहिजे, तिथे चेहरा किंवा नंबर बघायला वेळ कुणाकडे असतो! दोन्ही टीम निळ्या असल्या की सगळ्यांच्याच लक्षात येतं, 2019च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडविरुद्ध भारत भगव्या जर्सीत उतरला तो त्यामुळेच. पण लाल-हिरवं बाकीच्यांना इतकं वेगळं दिसतं की अडचण कुणाच्या डोक्यातच येत नाही, आणि म्हणून 2018च्या फुटबॉल वर्ल्ड कपची पहिलीच मॅच लाल रशिया विरुद्ध हिरवा सौदी अशी झाली. मला हे खरंच खटकतं, कारण उपाय फुकटचा आहे. एक जर्सी फिकी, दुसरी गडद, बस. उजेड-अंधारातला फरक कलर ब्लाइंड माणसालाही दिसतो.

सोसायटीच्या टूर्नामेंटसाठी टी-शर्ट छापणार असाल तर दोन्ही शेजारी ठेवून फोटो काढा आणि मोबाईलमध्येच ब्लॅक अँड व्हाइट करून बघा, दोन्ही सारखेच करडे दिसले तर एका टीमचा रंग बदला. फक्त गडद हिरव्यासमोर फिका लाल घेऊ नका, फोटोत फरक दिसेल पण काहींना तो लाल गडदच दिसणार. पांढरा किंवा पिवळा घ्या.