तलवारीचा भाला

साँ-गार्द म्हणजे शंभर रक्षक. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने १८५४ मध्ये उभारलेलं हे अंगरक्षक घोडदळ १८७० मध्ये त्याच्या साम्राज्याबरोबरच संपलं. निवडून घेतलेले उंचेपुरे शिपाई, आकाशी निळे अंगरखे, आरशासारखी पोलादी चिलखतं. या झगमगाटात त्यांच्या तलवारीकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, आणि मला तर तीच सर्वांत विलक्षण वाटते.

तिचं पातं सरळ, लांबी एक मीटरच्या घरात. त्रोय द बोल्यो या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने या तुकडीसाठी मागून भरायची आखूड बंदूक बनवली होती. तिच्या नळीवर ही तलवार संगिनीसारखी बसे, की शिपायाच्या हाती दोन मीटरच्या आसपासचा भाला तयार! (सरळ, लांब पातं आपल्यालाही परकं नाही. युरोपातून आलेल्या अशा पात्यांच्या तलवारींना आपल्याकडे फिरंग म्हणत.)

एवढं लांब पातं लवत कसं नसे? एका टोकाला घट्ट धरलेल्या पट्टीचं दुसरं टोक दाबलं, तर तिचं वाकणं लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. लांबी दुप्पट, तर वाकणं आठपट. उलट जाडी दुप्पट केली की वाकणं आठव्या हिश्शावर येतं, पण मग वजन मनगटाला पेलत नाही. म्हणूनच फ्रेंच घोडदळाच्या सरळ पात्यांवर लांबलचक खोबणी दिसतात. त्या रक्त वाहून जाण्यासाठी असतात, हा समज चुकीचा आहे. खोबणीतलं पोलाद कमी करून बाजूच्या भागांची जाडी राखली, की तेवढ्याच वजनाच्या सपाट पट्टीपेक्षा पातं ताठ राहतं.

बाकीची करामत ‘पाणी देण्याची’. सुमारे ८०० अंश सेल्सियसला लाल झालेलं पोलाद झटकन थंड केलं की कार्बनचे अणू लोखंडाच्या स्फटिकांत अडकून पडतात. पातं कमालीचं कठीण होतं, पण काचेसारखं ठिसूळही. मग ते पुन्हा बेताने तापवायचं. पृष्ठभागावरचा ऑक्साइडचा थर वाढत जातो तसा रंग गवती पिवळ्यावरून जांभळ्याकडे, मग निळ्याकडे सरकतो. ठिसूळपणा किती उतरला, हे जुने कारागीर या रंगावरूनच ओळखत.

अशी तलवार कुणाच्या हाती आलीच, तर गंज दिसतो म्हणून कृपा करून सँडपेपर लावू नये. पात्याच्या पाठीवर शातेलरोच्या शाही शस्त्रकारखान्याचं नाव बारीक अक्षरांत कोरलेलं असतं, आणि घासताना सर्वांत आधी तीच अक्षरं जातात.