बेसबॉलची बॅट घेण्याआधी : बॅटरच्या कामाविषयी थोडेसे

आमच्या दुकानात बेसबॉलची बॅट मागायला येणारे बहुतेक ग्राहक क्रिकेट खेळून आलेले असतात आणि ‘सर्वांत जड बॅट कोणती?’ हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो. बॅटरला मैदानात नेमके काय करायचे असते हे आधी समजून घेतले, तर या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आपोआप मिळते. म्हणून हे माहितीपत्रक.

पिचर ज्या पट्टीला पाय लावून चेंडू फेकतो, ती पट्टी होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर ज्या जमिनीतल्या पाटीशेजारी उभा राहतो तिच्यापासून, १८.४४ मीटर, म्हणजे साठ फूट सहा इंचांवर असते. चेंडू टप्पा न घेता थेट येतो. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू हातातून सुटल्यावर सुमारे ०.४ सेकंदात प्लेटवर पोहोचतो, आणि मारायचा की सोडायचा हा निर्णय व प्रत्यक्ष फटका या दोन्ही गोष्टी तेवढ्यातच उरकाव्या लागतात. बॅटरच्या मागे यष्ट्या नसल्या, तरी होम प्लेटच्या वर एक अदृश्य चौकट असते. तिची रुंदी होम प्लेटएवढी, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर असते; उंचीला ती गुडघ्याच्या वाटीखालच्या खळग्यापासून खांदे आणि पँटचा वरचा काठ यांच्या मध्यापर्यंत धरतात. या चौकटीतून गेलेला चेंडू सोडला तरी ‘स्ट्राइक’ मोजला जातो. चौकटीबाहेरचा सोडला तर तो ‘बॉल’ ठरतो, पण त्याच चेंडूवर बॅट फिरवून तो चुकवला तर पुन्हा स्ट्राइकच. तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद होतो आणि चार बॉल मिळाले की तो न मारताच पहिल्या बेसवर, म्हणजे धावण्याच्या मार्गातील पहिल्या थांब्यावर, जातो. म्हणूनच चेंडू सोडणे हे या खेळात बचावाचे नव्हे, तर कमाईचे काम आहे, आणि नवख्या खेळाडूला हेच सर्वांत उशिरा पटते.

क्रिकेटपटूला दुसरी अडचण दिशेची येते. लेग ग्लान्स किंवा लेट कट यांना येथे स्थान नाही, कारण होम प्लेटपासून निघणाऱ्या दोन रेषांमधल्या काटकोनातच चेंडू गेला पाहिजे. बाहेर गेलेला चेंडू ‘फाउल’ ठरतो. दोन स्ट्राइक होईपर्यंत फाउल स्ट्राइक म्हणून मोजला जातो, त्यानंतरच्या फाउलने मात्र स्ट्राइक वाढत नाही, अपवाद फक्त बंटचा, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच टेकवण्याचा. फाउल गेलेला चेंडू हवेतच झेलला तर बॅटर बाद. चेंडू काटकोनात जमिनीवर पडला, तर ‘धावू की नको’ असा विचार करण्याची सोय नाही : २७.४३ मीटरवरील पहिल्या बेसकडे धाव घ्यावीच लागते. धावताना बॅट हातात ठेवू नये. बॅट मागे भिरकावू नये, खाली सोडावी. मागे कॅचर (यष्टिरक्षकासारखा चेंडू झेलणारा खेळाडू) आणि पंच असतात.

अपयशाचे प्रमाणही समजून घ्यावे. बॉस्टन रेड सॉक्सच्या टेड विल्यम्स यांची १९४१ च्या हंगामातील सरासरी, म्हणजे संधींपैकी हिटचे (फटका मारून सुखरूप बेस गाठण्याचे) प्रमाण, .४०६ होती आणि ती आजही आदराने सांगितली जाते. म्हणजे दहा संधींपैकी जवळजवळ सहा वेळा त्यांनाही हिट मिळाली नव्हती.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात खाली, नॉबला (हँडलच्या टोकावरील गोल गाठीला) लागून, आणि उजवा त्याच्यावर असावा. क्रिकेटमध्येही हातांचा क्रम हाच असतो, त्यामुळे तेवढे नव्याने शिकावे लागत नाही. बॅट तळव्यात घट्ट न दाबता बोटांच्या मुळाशी धरावी आणि दार ठोठावताना बोटांची जी मधली पेरे लागतात, ती दोन्ही हातांची साधारण एका रेषेत यावीत. भार मागच्या पायावर घेऊन पुढचा पाय थोडासा टाकावा, आधी कंबर फिरवावी आणि हात तिच्यामागून यावेत. हात आधी निघाले की फटक्यातला जोर निम्म्यावर येतो, असे आमचे निरीक्षण आहे. लाकडी बॅटवरील शिक्का फटक्याच्या वेळी वर किंवा खाली राहावा, कारण लाकडाची मजबूत बाजू चेंडूला लागावी या हिशेबानेच उत्पादक तो छापतात.

आता वजनाविषयी. बेसबॉलचा चेंडू १४२ ते १४९ ग्रॅमचा, म्हणजे क्रिकेटच्या चेंडूपेक्षा थोडा हलका असतो, आणि तो दूर जाण्यासाठी बॅटच्या वजनाइतकाच, किंबहुना अधिक, तिचा वेग कामी येतो. काउंटरवर आम्ही एक साधी परीक्षा घेतो : बॅट एका हाताने नॉबजवळ धरून हात खांद्याच्या रेषेत बाजूला ताठ करावा आणि संथपणे वीस अंक मोजावेत. त्याआधीच बॅटचे टोक खाली झुकू लागले, तर ती बॅट आपल्यासाठी जड आहे. लांबी पाहण्यासाठी नॉब छातीच्या मध्यावर टेकवून बॅट बाजूला धरावी. सरळ पसरलेल्या हाताची बोटे बॅरलच्या (बॅटच्या जाड भागाच्या) टोकापर्यंत पोहोचली, म्हणजे लांबी योग्य आहे. वाढत्या वयाच्या मुलासाठी ‘पुढे दोन वर्षे चालेल’ म्हणून मोठी बॅट घेऊ नये. अशा बॅटने मुलगा फटका उशिरा मारायला शिकतो आणि ती सवय सुटता सुटत नाही.

शाळेच्या सरावासाठी अल्युमिनियमची बॅट परवडते, कारण तिला पोचा पडला तरी ती सहसा तुटत नाही. ॲश किंवा मेपलची लाकडी बॅट चुकीच्या जागी, विशेषतः हँडलजवळ, चेंडू बसला की पहिल्याच दिवशी चिरू शकते. अशी बॅट आम्ही बदलून देत नाही, हे कृपया खरेदीपूर्वी लक्षात घ्यावे. आमच्याकडील लाकडी बॅटवर लॅकरचा थर असतो, त्यामुळे क्रिकेटच्या बॅटप्रमाणे तिला तेल लावण्याची किंवा ती नॉक करण्याची, म्हणजे ठोकून तयार करण्याची, गरज नाही. हेल्मेट मात्र बॅटबरोबरच घ्यावे, आणि ते डोक्यावर घालून, मान जोरात हलवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.