मंगळयानाच्या तयारीमागचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर बेसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झाले, आणि मंगळाचा पृष्ठभागही बहुतांशी बेसाल्टचाच असल्यामुळे तेथील विवरांचा अभ्यास करणारे भूवैज्ञानिक लोणारला येत राहिले आहेत. मंगळावर विवरे आहेत हे मात्र १९६५ साली, मरिनर ४ या यानाने जवळून जाताना छायाचित्रे टिपली तेव्हा कळले. नुसते जवळून जाणे किती अपुरे असते, हे सहा वर्षांनी मरिनर ९ ने दाखवून दिले. दुसऱ्या ग्रहाच्या कक्षेत शिरलेले ते पहिले यान पोहोचले तेव्हा मंगळ धुळीच्या वादळाने झाकला होता. कक्षेत थांबणे शक्य होते म्हणूनच वादळ ओसरल्यावर त्याला ग्रहाचे सविस्तर चित्रण करता आले.

मंगळाच्या कक्षेत शिरण्याच्या भारताच्या मोहिमेला, म्हणजे मंगळयानाला, ऑगस्ट २०१२ मध्ये मंजुरी मिळाली. मंगळाकडे कमी इंधनात निघण्याची वेळ सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते. कोरडवाहू शेतीत वाफसा साधला नाही तर हंगाम हातचा जातो, तसेच हे आहे. २०१३ ची संधी हुकली असती तर पुढची थेट २०१६ मध्ये होती. म्हणून चांद्रयान-१ च्या सांगाड्यावरच नवे यान उभारले गेले, आणि जीएसएलव्ही हा अधिक शक्तिशाली अग्निबाण तेव्हा भरवशाचा नसल्याने पीएसएलव्ही हा अग्निबाण निवडला गेला. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी, भाऊबीजेच्या दुपारी, उड्डाण झाले. हा अग्निबाण यानाला थेट मंगळाच्या वाटेवर लावण्याइतका शक्तिशाली नसल्याने यानाने स्वतःच्या इंजिनाने पृथ्वीभोवतीची कक्षा टप्प्याटप्प्याने वाढवली आणि १ डिसेंबरला मंगळाची वाट धरली.

सुमारे साडेचारशे कोटी रुपयांच्या खर्चाची चर्चा फार झाली. मला त्याहून मोलाची वाटते ती इंजिनाची तयारी, कारण मुख्य इंजिन १ डिसेंबरनंतर जवळपास तीनशे दिवस बंद राहून ऐन वेळी पेटायला हवे होते, आणि इतक्या काळात इंधनाच्या वाफेने झडपा व नळ्या खराब होण्याचा धोका होता. त्यासाठी इंधनवाहिन्यांची दुसरी, समांतर व्यवस्था यानात आधीच बसवलेली होती. शिवाय मंगळाजवळून संदेश पृथ्वीवर यायला बारा मिनिटांहून अधिक वेळ लागणार असल्याने कक्षाप्रवेशाच्या आज्ञा यानाच्या संगणकात अगोदरच भरून ठेवल्या गेल्या. २२ सप्टेंबर २०१४ रोजी इंजिन सुमारे चार सेकंद पेटवून पाहिले गेले. २४ तारखेला ते सुमारे चोवीस मिनिटे चालले आणि यान पहिल्याच प्रयत्नात मंगळाच्या कक्षेत शिरले.