स्टीलोच्या रिव्हॉल्व्हरमधून न सुटलेल्या गोळ्या

मार्च १९१५. न्यूयॉर्क राज्यातल्या वेस्ट शेल्बी गावात चार्ल्स फेल्प्स हा वृद्ध शेतकरी आणि त्याचं घर सांभाळणारी मार्गारेट वॉल्कॉट यांचा गोळ्या घालून खून झाला. गोळ्या पॉइंट बावीसच्या, म्हणजे ०.२२ इंच मापाच्या. समोरच राहणारा त्याचा गडी चार्ल्स स्टीलो याला लिहितावाचता येत नव्हतं. त्याच मापाचं रिव्हॉल्व्हर आपल्याकडे आहे हे त्याने आधी लपवलं, आणि तिथेच तो अडकला.

खटल्यात अल्बर्ट हॅमिल्टन नावाच्या ‘तज्ज्ञा’ने साक्ष दिली: रिव्हॉल्व्हरच्या तोंडाशी नऊ खुणा आहेत आणि प्रेतांतून काढलेल्या गोळ्यांवर त्यांचेच नऊ ओरखडे उमटलेत. स्टीलोला विजेच्या खुर्चीची शिक्षा झाली. एकदा तर स्थगिती आली तेव्हा खुर्चीवर बसवायला तासभरही उरला नव्हता.

रिव्हॉल्व्हरच्या नळीला आतून मळसूत्रासारख्या खाचा असतात. गोळी नळीपेक्षा किंचित जाड असल्यामुळे ती त्या खाचांत दाबली जाते आणि भोवऱ्यासारखी फिरत बाहेर पडते. त्यामुळे तिचा नेम भरकटत नाही. खाचा किती, किती रुंद, पीळ डावा की उजवा, हे सगळं गोळीच्या अंगावर उमटतं. कोल्ट कंपनीच्या नळ्यांचा पीळ डावा, स्मिथ अँड वेसन कंपनीच्या नळ्यांचा उजवा. याहून बारीक रेघा असतात त्या प्रत्येक नळीच्या स्वतःच्या. खाचा कोरताना हत्याराची धार झिजत जाते, त्यामुळे एकाच कारखान्यातून पाठोपाठ निघालेल्या दोन नळ्याही आतून हुबेहूब नसतात.

पुढे गव्हर्नरने चौकशी नेमली. बॉश अँड लॉम्ब कंपनीतल्या मॅक्स पोझर या भिंगांच्या जाणकाराने गोळ्या सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. हॅमिल्टनचे नऊ ओरखडे तिथे नव्हतेच! शिवाय खुनातल्या गोळ्यांवर दोन खाचांमधला एक पट्टा अवाजवी रुंद होता. नळी घडवतानाच राहिलेला तो दोष. स्टीलोच्या नळीत खाचा सारख्या अंतरावर होत्या. म्हणजे बारीक रेघांपर्यंत जायचीही गरज नव्हती. खाचा नीट मोजल्या असत्या तरी एक निरपराध माणूस मरणाच्या दारापर्यंत गेलाच नसता. १९१८ मध्ये स्टीलो सुटला. हे प्रकरण वाचताना मला अजूनही राग येतो.

या चौकशीत चार्ल्स वेट हा तपासनीस होता. तो नंतर कारखान्या-कारखान्यांतून प्रत्येक शस्त्राची मापं, खाचांची संख्या, पिळाची दिशा गोळा करत हिंडला. १९२५ च्या सुमारास फिलिप ग्रॅव्हेलने तुलना-सूक्ष्मदर्शक या कामाला लावला. खुनातली गोळी आणि संशयित शस्त्रातून चाचणीसाठी झाडलेली गोळी एकाच दृष्टिक्षेत्रात शेजारी-शेजारी दिसू लागल्या. रेघा जुळतात की नाही हे आता दुसराही माणूस डोळा लावून तपासू शकत होता. शब्दावर विश्वास ठेवायची सक्ती संपली. माझ्या मते गोळीवरून शस्त्र ओळखण्याच्या या शास्त्राचा खरा जन्म तिथे झाला.

गोळी किती अंतरावरून आली हे कातडी सांगते. जवळून झाडली तर जखमेभोवती काजळी बसते. ती पुसली तर जाते. बंदुकीच्या दारूचे अर्धवट जळलेले कण मात्र कातडीत रुतून गोंदणासारखे ठिपके उमटवतात, ते धुऊनही जात नाहीत. म्हणूनच अंगाची आणि कपड्यांची तपासणी धुण्याआधी व्हायला हवी, आणि कपडे कापायची वेळ आलीच तर गोळीच्या भोकावरून कात्री फिरवायची नाही.

शवविच्छेदनात गोळी काढतानाही असाच संयम लागतो. ती हातमोज्यातल्या बोटांनी किंवा टोकांना रबर लावलेल्या चिमट्याने उचलतात. ओळखीची खूण करायचीच असेल तर गोळीच्या बुडाशी करायची, बाजूला कधीच नाही. गोळीचं शिसं इतकं मऊ असतं की उघड्या धातूच्या चिमट्याची एक घाईची पकडही त्यावर नवा ओरखडा उठवते, आणि तो कुठल्याच नळीचा नसतो.