मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे निव्वळ फाशांचे नशीब?

‘काल्पनिक सैन्यांच्या मिनिएचर वॉरगेममध्ये (टेबलावर सैनिकांच्या छोट्या प्रतिकृती मांडून खेळायच्या युद्धखेळात) हार-जीत फाशांवरच ठरते, डोके चालवायला तिथे वाव नसतो,’ असा समज बराच काळ फिरत आहे. प्रत्येक हल्ल्याला फासे पडताना दिसत असल्यामुळे असे वाटणे स्वाभाविकच आहे.

एका फाशाचे दान आधी सांगता येत नाही, हे खरे. परंतु या खेळात बहुधा एका वेळी मूठभर फासे टाकले जातात. चार किंवा त्याहून अधिक पडल्यास वार लागतो असे धरले, तर २० फाशांत सरासरी १० वार लागतात आणि ही संख्या ७ ते १३ यांच्या दरम्यान राहण्याची शक्यता सुमारे ८८ टक्के असते. पाच किंवा त्याहून कमी वार लागण्याची शक्यता जेमतेम २ टक्के उरते. शिवाय कोणते पथक कुठे उभे करायचे, आडोसा कधी घ्यायचा, कोणते उद्दिष्ट सोडून द्यायचे हे खेळाडूच ठरवतो आणि आपल्या वाट्याला किती फासे येणार, हे त्यावरच अवलंबून असते. (प्रशियाच्या लष्करानेही १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी फाशांचा युद्धखेळ स्वीकारला होता.)

पडताळणी करायची असल्यास अनुभवी खेळाडूबरोबर एकच मांडणी अनेकदा खेळावी आणि दर डावाला सैन्यांची अदलाबदल करावी. सगळा खेळ नशिबाचा असेल, तर विजय दोघांत साधारण सारखे वाटले जातील. माझ्या मते ते बहुतांशी अनुभवी हाताबरोबरच फिरतील. अशा डावासाठी आधी खरेदी करण्याची गरज नसते, कारण जुने खेळाडू नवख्याला आपले जादा सैन्य बहुधा आनंदाने वापरायला देतात.