तीन अधिक दोन, की पाच अधिक शून्य?

पटावर माझा राजा आणि हत्ती, समोर एकटा राजा. माझ्या घड्याळात ९ सेकंद. राजा-हत्तीने एकट्या राजाला मात द्यायची तर, मोहरी कितीही अडचणीच्या जागी असली तरी, अचूक खेळून जास्तीत जास्त १६ चाली लागतात. म्हणजे चालीमागे अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ. अकराव्या चालीला माझी वेळ संपली. समोरच्याकडे मात करायला एकही मोहरं उरलं नव्हतं, म्हणून नियमाने बरोबरी मिळाली. नाहीतर हत्ती हातात असताना हरलोच होतो.

डाव ‘५+०’ होता. ऑनलाइन बुद्धिबळात डाव लावताना हे दोन आकडे निवडावे लागतात. पहिला आकडा म्हणजे सुरुवातीला प्रत्येकाला मिळणारी मिनिटं, दुसरा म्हणजे प्रत्येक चालीनंतर घड्याळात जमा होणारे सेकंद. त्या जमा सेकंदांना खेळणारे ‘इन्क्रिमेंट’ म्हणतात. बहुतेक जण पहिला आकडा बघतात आणि बटण दाबतात. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. खरी गंमत दुसऱ्या आकड्यात आहे.

५+० आणि ३+२ शेजारी ठेवून बघा. पाच मिनिटांचे ३०० सेकंद. दुसरीकडे १८० सेकंद, वर चालीमागे २. साठ चाली झाल्या की १८० अधिक १२०, म्हणजे पुन्हा ३००. तोपर्यंत ५+० उदार वाटतो, साठीनंतर ३+२. पण नुसत्या बेरजेवर जाऊ नका. ९ सेकंद उरलेले असताना माझ्या त्या १६ चालींसाठी ३+२ मध्ये आणखी ३२ सेकंद येत राहिले असते. चालीमागे अडीच सेकंद! हत्तीची मात ज्याला येते त्याला तेवढे पुष्कळ झाले. शून्य इन्क्रिमेंटच्या डावात शेवटी-शेवटी पटावरचं बुद्धिबळ बाजूला पडतं आणि माउसची शर्यत सुरू होते.

या शर्यतीचं शास्त्र वेगळंच आहे. १+० म्हणजे ‘बुलेट’ घ्या. डाव ४० चालींचा धरला तर चालीला दीड सेकंद मिळतो. समोरची चाल डोळ्यांना दिसून हात हलायला लागेपर्यंतच साधारण पाव सेकंद जातो, आणि तोही चाल आधीच ठरलेली असेल तर. मग मोहरं उचलून योग्य घरात नेऊन सोडायचं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये दाखवून दिलं, की लक्ष्य जितकं दूर आणि जितकं लहान, तितका हाताला तिथे पोचायला वेळ जास्त. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर घर लहान पण अंतरही कमी. मोठ्या पडद्यावर दोन्ही मोठी. कोपऱ्यातला उंट कर्णरेषेवरून थेट समोरच्या टोकाला न्यायचा असेल तर तो वेळ तुमच्याच घड्याळातून जातो. प्यादं एक घर पुढे सरकवणं बुलेटमध्ये खरोखर ‘स्वस्त’ चाल असते.

त्यात इंटरनेटचा विलंब. काचतंतूतून (ऑप्टिकल फायबरमधून) प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर १०,००० किलोमीटरवर असेल तर संदेश जाऊन परत यायला निदान दशांश सेकंद लागणारच. तंत्रज्ञान कितीही सुधारलं तरी यातून पूर्ण सुटका नाही. ४० चालींना चार सेकंद. पंधरा मिनिटांच्या डावात हे कुणाच्या लक्षातही येत नाही, एक मिनिटाच्या डावात मात्र ती मोठी रक्कम आहे. म्हणून ऑनलाइन खेळाची संकेतस्थळं विलंबाचा काही भाग खेळाडूला परत देण्याची सोय करतात. शिवाय ‘प्रीमूव्ह’ असतो: समोरच्याने खेळण्याआधीच आपली चाल नोंदवून ठेवायची. चेस डॉट कॉम या संकेतस्थळावर अशा चालीला ०.१ सेकंद लागतो, लीचेस या दुसऱ्या संकेतस्थळावर काहीच नाही.

मग बुलेट आणि ब्लिट्झ (३+२, ५+० सारखे थोड्या मिनिटांचे डाव) म्हणजे निव्वळ हातचलाखी का? नाही, आणि इथेच विषय रंगतो.

डच मानसशास्त्रज्ञ आणि स्वतः उत्तम खेळाडू असलेल्या आद्रियान द ग्रूट यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर एक प्रश्न धसास लावला: मोठे खेळाडू जास्त खोलवर विचार करतात म्हणून मोठे का? त्यांना तसा फारसा फरक आढळला नाही. फरक होता तो पहिल्या नजरेत. चांगली चाल त्यांना सुरुवातीलाच दिसायची. पुढे १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून ती आठवणीने मांडायला सांगितली. उस्तादांनी नवख्यांच्या कितीतरी पट मोहरी बरोबर ठेवली. तीच मोहरी पटावर वाटेल तशी विखरून दाखवली, तेव्हा उस्तादांची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती अफाट नव्हती. ओळखीच्या आकृत्यांचा साठा अफाट होता.

हा साठा वापरायला वेळ लागत नाही. म्हणूनच ब्रूस बर्न्स यांनी २००४ मध्ये स्पर्धांचे निकाल तपासले तेव्हा खेळाडूंच्या कौशल्यातल्या फरकाचा ८१ टक्क्यांपर्यंतचा भाग एकट्या ब्लिट्झच्या कामगिरीवरून सांगता येत होता. पण २००३ मध्ये ख्रिस्तोफर शाब्री आणि एलियट हर्स्ट यांनी ग्रँडमास्टरांचे डाव संगणकाकडून तपासून घेतले, तर जलद डावांत त्यांच्या ढोबळ चुका संथ डावांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाल्या. मला या दोन्हींत विरोध दिसत नाही. वेळ कमी केला तर सगळ्यांचाच खेळ खालावतो, पण क्रम फारसा बदलत नाही.

आपल्यासारख्यांनी यातून घ्यायचं ते एवढंच, की साठा भरलेला असेल तर ब्लिट्झमध्ये तो वापरता येतो. रिकामा असेल तर ब्लिट्झ तो भरत नाही. तीन मिनिटांच्या डावात आपण जे येतं तेच पुन्हा पुन्हा करतो, चुकांसकट. नवं काही शिकायचं असेल तर चालीला निदान वीस-तीस सेकंद हवेत. १५+१० मध्ये ४० चालींना १३०० सेकंद मिळतात, म्हणजे चालीला साडेबत्तीस. नवख्याला मी डोळे मिटून हाच डाव सुचवीन. (दोघांचा मिळून पाऊण तास जाऊ शकतो, हे आधीच लक्षात घ्यावं. घड्याळावरचा आकडा एकाचा असतो, डाव दोघांचा.)

‘ब्लिट्झ’ आणि त्याहून संथ ‘रॅपिड’ या नावांवर मात्र विसंबू नका. लीचेस आणि चेस डॉट कॉम दोन्ही ४० चाली धरून वेळ मोजतात, पण रेघ वेगवेगळ्या ठिकाणी मारतात: ५+५ म्हणजे ५०० सेकंद, एकीकडे रॅपिड, दुसरीकडे ब्लिट्झ. जागतिक संघटना ‘फिडे’ ६० चाली धरते आणि दहा मिनिटांपर्यंतचं सगळं ब्लिट्झ मानते. दोन्ही ठिकाणी रॅपिड म्हणून खेळला जाणारा १०+० फिडेच्या लेखी ब्लिट्झच.

घड्याळ या खेळात तसं उशिराच आलं. १८५१ च्या लंडन स्पर्धेत घड्याळ नव्हतं, आणि एलायजा विल्यम्स या खेळाडूच्या संथपणाने त्यांचे प्रतिस्पर्धी हॉवर्ड स्टाँटन वैतागले होते. दहा वर्षांनी अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळं आली, १८८३ मध्ये लंडनलाच जोडघड्याळ, म्हणजे दोघांची दोन घड्याळं एकत्र जोडलेली. वेळ फक्त कमी होत जाते, हा समज मोडायला आणखी शंभर वर्षं गेली. माजी विश्वविजेते बॉबी फिशर यांनी १९८८ मध्ये चालीमागे सेकंद परत देणाऱ्या घड्याळाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९९२ मध्ये जुने प्रतिस्पर्धी बोरिस स्पास्की यांच्याविरुद्धच्या सामन्यात ते वापरलं.

फिशरची ही युक्ती फुकट हाताशी असताना मी ५+० का लावला होता? निव्वळ सवय. नंतर तो डाव उघडून प्रत्येक चालीला किती वेळ गेला ते बघितलं. शेवटच्या हत्तीने नव्हे, दहाव्या चालीने माझा घात केला होता. तिथे मी ४१ सेकंद घालवले होते, आणि खेळलो ती चाल पहिल्या दोन सेकंदांतच सुचलेली होती.